पितळेचा साप, कराराचा कोश आणि खोटा भरवसा

शेवगावकर

परवा दुसऱ्या एका धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलं, "बायबलचं सार काय, तर दुसऱ्याची मूर्ती फोडा." मूळ धागा रानभाज्यांचा होता (आपल्याकडे कुठलीही गाडी कुठेही जाते), म्हणून हा वेगळा काढतोय. मी नगर जिल्ह्यातला, घरातूनच ख्रिस्ती, रविवारच्या शाळेत पोरांना शिकवतो. म्हणजे मी तटस्थ वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कनानी लोकांच्या (इस्राएलींच्या आधीपासून त्या देशात राहणाऱ्यांच्या) वेद्या पाडा, त्यांचे स्तंभ फोडा अशा आज्ञा बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहेत. त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण मूर्तींबद्दलचे इशारे सलग वाचत गेलं की संदेष्ट्यांचा खरा जाळ घरच्यांवर निघालेला दिसतो. त्यातही सगळ्यात कडक बोल घरच्याच पवित्र वस्तूंच्या वाट्याला आलेत. त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

सोन्याचं वासरू सगळ्यांना माहीत असतं. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे डोंगरावरून खाली येईना, लोकांचा धीर सुटला आणि त्याचा भाऊ अहरोन याने त्यांच्या कानांतली कुंडलं गोळा करून वासरू ओतलं. जाब विचारल्यावर हा गृहस्थ म्हणतो, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! (निर्गम ३२:२४) आमच्या वर्गातली पोरं इथे हमखास हसतात. फुटलेल्या बरणीबद्दल त्यांचा खुलासाही साधारण असाच असतो.

मला जास्त छळतो तो पितळेचा साप. 'गणना' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात गोष्ट आहे. वाळवंटात साप चावून माणसं मरायला लागली, तेव्हा देवानेच सांगितलं म्हणून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला. ज्याला दंश झाला तो त्याच्याकडे बघायचा आणि जगायचा. म्हणजे वस्तू परक्यांकडून आलेली नाही. तिच्यामागे देवाचा शब्द आणि मोशेचा हात आहे, माणसं वाचल्याची साक्षही आहे. पुढे कित्येक शतकं ती जपली गेली. मग यहूदाच्या गादीवर हिज्कीया आला आणि त्याने तिचे तुकडे केले. २ राजे १८:४ मध्ये कारण एका ओळीत आटोपलंय: तोवर इस्राएल लोक तिच्यापुढे धूप जाळत आले होते. तिला नावसुद्धा पडलं होतं, नहुश्तान.

मोशेने स्वतः घडवलेली वस्तू! कुलूप लावून भांडारात ठेवली असती तरी चाललं असतं असं आपल्याला वाटतं. हिज्कीयाने तेवढीही सवलत दिली नाही.

त्याच अध्यायात पुढे इ.स.पू. ७०१ ची स्वारी येते. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदाची गावं घेत सुटलाय आणि त्याचा अधिकारी रब्शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून ओरडतोय. हिज्कीयाची माणसं विनवतात, बाबा, अरामी भाषेत बोल, आम्हाला कळते. तो मुद्दाम यहूद्यांच्याच भाषेत बोलतो, तटावरच्या साध्या माणसांना ऐकू जावं म्हणून. त्याचा सगळा रोख एकाच प्रश्नावर: तुमचा भरवसा आहे तरी कशावर? मिसरवर (म्हणजे इजिप्तवर)? तो तर पिचलेला बोरू, टेकायला गेलात तर हातात घुसेल. देवावर? त्याचीच उच्चस्थानं (टेकड्यांवरची पूजेची ठिकाणं) तर तुमच्या राजाने पाडली! शत्रू आहे, पण पहिल्या प्रश्नात तो संदेष्टा यशयाचंच बोलतोय. यशया ३१ उघडून बघा. मदतीसाठी मिसरकडे धावणाऱ्यांना, घोड्यांवर आणि रथांवर विसंबणाऱ्यांना तिथे शिव्याशापच आहेत. घोडदळ हीसुद्धा मूर्तीच्याच पंक्तीला.

कराराच्या कोशाची गत १ शमुवेल ४ मध्ये. पलिष्ट्यांनी एकदा मार दिला तेव्हा इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी डोकं चालवलं: शिलोहून कोश आणू, म्हणजे तो आपल्याला वाचवेल. कोश छावणीत आला तेव्हा जमीन दणाणेल असा जयघोष झाला. पलिष्टीही टरकले. आणि तरी पहिल्यापेक्षा मोठा पराभव झाला, कोश शत्रूने पळवला, तो वाहून नेणारे, शिलोचा पुजारी एली याचे दोन्ही मुलगे पडले. बातमी ऐकून ९८ वर्षांचा एली आसनावरून मागे कोसळला आणि मान मोडून गेला. दहा आज्ञांच्या पाट्या ज्या पेटीत, तिचाच ताईत केला होता.

आणि संदेष्टा यिर्मया. हा माणूस थेट देवळाच्या दारात उभा राहून सांगतो, "परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर" असल्या फसव्या शब्दांवर विसंबू नका (यिर्मया ७:४). चोरी करता, खून करता, परक्याला, अनाथाला, विधवेला नाडता, कनानी देव बआलापुढे धूप जाळता आणि मग इथे येऊन म्हणता आम्ही सुटलो? हे घर काय लुटारूंची गुहा आहे? कोश जिथून नेला त्या शिलोला जाऊन बघा, देव म्हणतो, तिथल्या जागेचं मी काय केलं. याबद्दल त्याला पकडून ठार मारायचीच मागणी झाली. ती कुणी केली, तर पुजाऱ्यांनी आणि इतर संदेष्ट्यांनी. मंदिर पडलं ते इ.स.पू. ५८६ च्या सुमारास.

तर माझं म्हणणं एवढंच की बायबलमधला मूर्तीचा प्रश्न मुळात भरवशाचा आहे. लिहा काय वाटतं ते. भांडण चालेल, पण संदर्भासहित.

सायली_ठाणे

वाचतेय. रब्शाकेबद्दल पहिल्यांदाच ऐकलं. भारी माणूस.

काडीमास्तर

गोड गोड लिहिलंय. पण यशया ४४ सोयीस्कर गाळलंत की. सुतार झाड तोडतो, अर्ध्यावर भाकरी भाजतो, मांस भाजतो, शेकत बसून "अहाहा, ऊब आली" म्हणतो आणि उरलेल्या लाकडाचा देव करून त्याच्या पाया पडतो. हे घरच्यांवर आहे की आमच्यासारख्यांवर? स्तोत्र ११५ पण घ्या. तोंड आहे बोलत नाही, डोळे आहेत दिसत नाही, नाक आहे वास येत नाही. ही सरळसरळ टिंगल आहे.

शेवगावकर

@काडीमास्तर, टिंगल आहेच. यशया ४४ मधला तो भाग बायबलमधल्या उपहासाचा कळस आहे आणि लेखकाने तो मजा घेत लिहिलाय. लोहाराला घण मारता मारता भूक लागते, अंगातलं बळ जातं, हासुद्धा तपशील त्याने सोडलेला नाही. देव घडवणाराच दमतो! स्तोत्र ११५ चा शेवट मात्र तुम्ही सोडलात: जे त्यांना घडवतात आणि जे त्यांच्यावर भरवसा ठेवतात ते त्यांच्यासारखेच होतात. आणि पुढच्याच ओळीत "हे इस्राएला, परमेश्वरावर भरवसा ठेव". बोलणं घरातच चाललंय.

खापरखुणा

काडीमास्तरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. यशया ४४ वाचून कुणाला वाटेल की बॅबिलोनचे लोक लाकडालाच देव समजत होते. तसं नव्हतं. त्यांचा "तोंड धुण्याचा" विधी मातीच्या पाट्यांवर तपशीलवार लिहिलेला सापडलाय, अश्शूरच्या निनवेतही आणि बॅबिलोनमध्येही. नवी मूर्ती नदीकाठच्या बागेत नेत. तिचं तोंड पुन्हापुन्हा धूत, मंत्र म्हणत. कारागिरांची हत्यारं मेंढीच्या मांडीत घालून नदीत सोडून देत. मग कारागिरांचे हात बांधायचे, झाऊच्या लाकडी तलवारीने ते तोडल्यासारखं करायचं आणि त्यांनी शपथेवर सांगायचं की ही मूर्ती मी घडवलेली नाही, देवाने घडवली.

म्हणजे "हे तर सुताराने केलंय" हा आक्षेप त्यांना आधीच ठाऊक होता आणि त्यावर त्यांचं उत्तरही तयार होतं. यशयाच्या लेखकाने बरोबर त्याच ठिकाणी बोट ठेवलं आणि विधीचा मात्र उल्लेखही केला नाही. माझ्या मते त्याला तो ठाऊक असणार. उपहास करताना कुणी समोरच्याची बाजू मांडत बसत नाही.

आता दुसरी बाजू. यशया ४० पासूनचा भाग बहुतेक अभ्यासक बॅबिलोनमधल्या बंदिवासाच्या काळातला मानतात. म्हणजे लिहिणारा जिंकलेल्यांपैकी नाही. त्याचं मंदिर जळालंय, माणसं शेकडो कोस दूर आणून बसवलीत आणि नववर्षाच्या उत्सवात बॅबिलोनचा देव मार्दुक याची मिरवणूक डोळ्यांसमोरून जातेय. लोकांना वाटतंय, आपला देव हरला. अशा वेळी केलेली टिंगल आणि सत्ता हातात असताना केलेली टिंगल एकाच तराजूत टाकता येत नाही. पुढे हाच मजकूर सत्ताधाऱ्यांच्या हाती गेला तेव्हा त्याचं काय झालं, ते गोव्याच्या इतिहासात वाचायला मिळतं.

काडीमास्तर

हे पटलं. म्हणजे निम्मं पटलं.

आमची प्राणप्रतिष्ठा आणि हे तोंड धुणं यात साम्य दिसतंय. आम्ही तर दहा दिवसांनी विसर्जनही करतो. लाकूड वेगळं, देव वेगळा, हे घरातल्या पोरालाही कळतं.

खापरखुणा

@काडीमास्तर, साम्य आहे, पण त्यावरून लगेच नातं जोडायला जाऊ नका.

यशया ४६ राहिलाच. बॅबिलोनचे देव बेल आणि नबो: बेल वाकतो, नबो लवतो, त्यांच्या मूर्ती जनावरांवर लादल्यात आणि जनावरं दमलीत. पुढे देव म्हणतो, मी तुम्हाला जन्मापासून वाहिलं, म्हातारपणीही वाहीन. कोण कुणाला वाहतं, हाच तिथला सवाल. याला खराखुरा संदर्भ आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा कुरूश चाल करून येणार म्हटल्यावर राजा नबोनिदसने गावोगावचे देव बॅबिलोनमध्ये आणून ठेवले होते. शहर पडायचं ते पडलंच. कुरूशने ते देव परत आपापल्या गावी पाठवले, असं त्याच्या मातीच्या लेखात लिहिलंय. हा लेख १८७९ मध्ये सापडला, ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. २०१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणला होता, तेव्हा मी पाहिला. काचेमागे बसकं मातीचं पिंप, आकाराने फार मोठं नाही, त्यावर मुंग्यांच्या रांगेइतकी बारीक अक्षरं. आजूबाजूला पारशी मंडळींची गर्दी. साहजिक आहे, कुरूश त्यांचा.

आणि शेवगावकरांच्या हिज्कीयासाठी एक. इस्राएलमधल्या बैरशेबाच्या उत्खननात १९७३ मध्ये एका कोठाराच्या भिंतीत चार शिंगांच्या (चारही कोपऱ्यांना शिंगं असलेल्या) वेदीचे दगड सापडले. वेदी मोडून दगड सरळ बांधकामाला वापरलेले. त्यातल्या एका दगडावर साप कोरलेला आहे. हे हिज्कीयाच्याच वेळचं काम की नाही यावर पुरातत्त्ववाले भांडतात, पण वेदी फोडून भिंतीत घालणारा माणूस हिशेबी होता हे नक्की.

सायली_ठाणे

साप कोरलेला दगड!! धागा वाचनखुणेत टाकला.

आपल्या संतांनीही दगडाच्या देवाला चार शब्द सुनावलेत आणि तेच संत विठ्ठलापुढे नाचलेत. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही. बायबलच्या संदेष्ट्यांना मात्र तडजोड चालत नाही असं दिसतं. हा फरक कुणी समजावेल का?

शेवगावकर

@सायली_ठाणे, फरक आहे आणि तो पुसायचा प्रयत्न मी करणार नाही. संदेष्ट्यांच्या डोळ्यांसमोर करार आहे, लग्नासारखा. म्हणून संदेष्टा होशेय तर मूर्तिपूजेला थेट व्यभिचारच म्हणतो. एकनिष्ठता मोडली की मोडली. आपल्याकडची भक्ती वेगळ्या वाटेने गेली.

वसईचा वारा

माझ्यासाठी हा विषय घरचा. आम्ही कॅथलिक, चर्चमध्ये पुतळे, घरात अल्तार. शेवगावकरांच्या पंथातले लोक लहानपणापासून आम्हाला ऐकवत आलेत की तुम्ही मूर्तिपूजक. आमचं उत्तर ठरलेलं: मान देतो, पूजा फक्त देवाची. इ.स. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेत हा फरक ठरवला गेला. शिवाय ज्या देवाने कोरीव मूर्ती नको म्हटलं त्यानेच कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन करूब (पंखवाले देवदूत) करायला सांगितले, ते कसं?

पण खरं सांगू का, प्रत्यक्षात रेषा इतकी स्वच्छ नसते. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला जा. चढावर दुतर्फा दुकानं, त्यांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं टांगलेली. ज्याचं जे दुखतं किंवा जे हवं ते घ्यायचं आणि वाहायचं. सगळ्या धर्मांची माणसं येतात. माझी आत्या दरवर्षी मेणाचा पाय वाहायची. शेवटी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता दोन पाय वाहते, दुसरा डॉक्टरसाठी. तिचा भरवसा मेणावर आहे का? नाही. मग मेणाशिवाय जाईल का? तेही नाही.

शेवगावकर

@वसईचा वारा, आत्याबाईंना नमस्कार. करुबांचा प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच मी पितळेच्या सापापासून सुरुवात केली. वस्तू करायला सांगणारा आणि फोडल्याबद्दल शाबासकी देणारा देव एकच. वस्तू तीच, मधल्या काळात माणसं बदलली.

आमच्या लोकांनी तुम्हाला ऐकवलं त्याबद्दल बोलायचं तर आमच्या भिंतीवर पुतळा नसेल, पण इमारतीचा, जमिनीचा, मंडळीतल्या खुर्च्यांचा लोभ भरपूर आहे. प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:५) लोभालाच मूर्तिपूजा म्हटलंय. ते वचन आमच्याकडे कुणी फ्रेम करून लावत नाही.

मी_साधा

लोभावरून आठवलं. आमच्या भागात एक उपदेशक येतो. मंडपात शेवटी तेलाच्या छोट्या बाटल्या निघतात, "प्रार्थना केलेलं तेल". किमतीला देणगी म्हणायचं. दाराच्या चौकटीला लावा, दुकानाच्या गल्ल्याला लावा. माझ्या मेहुण्याने कर्जाच्या कागदांना लावलं. हप्ते चालूच आहेत. तेल याकोबाच्या पत्रात आहे हे मान्य, पण तिथे आजाऱ्यासाठी मंडळीचे वडील येऊन प्रार्थना करतात, बाटली विकत नाहीत.

खापरखुणा

नहुश्तान, २०० मिलिलीटर.

नागावची सून

उशिरा आले. संदेष्टा एलीया कसा आला नाही अजून? कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला. सकाळपासून ते नाचतायत, अंगावर वार करून घेतायत आणि हा म्हणतो, जरा मोठ्याने हाका मारा, तुमचा देव विचारात असेल, नाहीतर प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. बआल हा पावसाचा देव आणि देशात दुष्काळ, म्हणजे परीक्षा त्याच्याच विषयाची.

तर हा एलीया आमच्या अलिबाग तालुक्याचा आहे! म्हणजे बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू) लोकांच्या मते त्याचा रथ इथे टेकला. खंडाळे गावाजवळ एक खडक आहे, त्यावर घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकाची खूण दाखवतात. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, तेच हे लोक. आता बरेचसे इस्राएलला गेले, पण तिथून इथे आले की खडकाच्या दर्शनाला जातात. नवस फेडायचा तर एलियाहू हनाबीच्या (म्हणजे एलीया संदेष्ट्याच्याच) नावाने मलिदा करतात. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, सुकामेवा, बरोबर फळं. आमच्या शेजारच्या आजी ताटभर पाठवायच्या. सासूबाईंनी एकदा भोळेपणाने विचारलं, म्हणजे तुमचाही दगडाचा देव आहे तर. आजी म्हणाल्या, "अगो, दगडाला कोण विचारतंय. तो इथे आला होता, एवढंच."

मूर्तीवर सगळ्यात जास्त तुटून पडलेल्या माणसाची खूण दगडावर जपली जाते, याची मला गंमत वाटते. वाईट म्हणत नाहीये हं.

काडीमास्तर

आजींचं उत्तर निकियाच्या धर्मसभेपेक्षा सुटसुटीत आहे.

शेवगावकर

@नागावची सून, सुंदर. खंडाळ्याचं ऐकून होतो, इतकं तपशिलात नव्हतं. कर्मेलनंतरचा अध्यायही वाचा. एवढा मोठा विजय, आणि लगेच राणी ईजबेलच्या एका निरोपाने हा माणूस रानात पळून झाडाखाली मरण मागत बसतो. पुढे होरेब डोंगरावर देव वाऱ्यात नसतो, भूकंपात नसतो आणि विशेष म्हणजे आगीतही नसतो. कर्मेलवर ज्या आगीने बाजी मारून दिली, तिचाही भरवसा धरू दिलेला नाही.

खमंग

सगळं वाचलं, बरंचसं डोक्यावरून गेलं. माझा साधा प्रश्न. शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, एकदम घरोबा. दिवाळीचा फराळ आवडीने खातात, पण गणपतीत मोदक पाठवले की ताई संकोचतात. घेतात, पण खात नाहीत असं मुलीने फोडलं. मला राग नाही, पण पाठवावे की नाही?

शेवगावकर

@खमंग, हा वाद दोन हजार वर्षं जुना आहे. करिंथ शहरात बाजारात मिळणारं बरंचसं मांस देवळातून आलेलं असे, तर ते खावं की नाही? पौल १ करिंथ ८ मध्ये म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही की लांबही. पण ज्याचं मन कच्चं आहे त्याला तुझ्या खाण्याने ठेच लागणार असेल तर खाऊ नकोस. दहाव्या अध्यायात अजून व्यवहारी सल्ला आहे: बाजारात विकतात ते खा, चौकशी करू नका. कुणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा. पण "हे दैवताला वाहिलेलं आहे" असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या भावनेखातर थांबा.

आमच्या घरात मी खातो, बायको खात नाही. दोघांकडेही वचनं तयार आहेत. तुमच्या ताईंना नैवेद्याआधी वेगळे काढलेले मोदक देऊन बघा आणि तसं सांगा.

खमंग

असं होय! मग पहिल्या घाण्याचे बाजूला काढते. पण तुम्ही नगरला, उकडीचे तिथवर टिकायचे नाहीत. तळणीचे चालतील?

शेवगावकर

पळतील. पौलाच्या भाषेत, चौकशी न करता.